पंख आला, इंजिन अडलं

रबाळे स्टेशनच्या फलाटावरून घणसोलीच्या बाजूला पाहिलं, की सांताक्रूझला उतरणारी विमानं एकामागून एक खाडीकडे सरकताना दिसतात. रोजचंच दृश्य, त्यामुळे मान वर करून कोणी बघत नाही. पण कधी गाडीला उशीर असेल तर त्यांच्या आकाराकडे नीट बघावं. पंख धडाला काटकोनात लावलेले नसतात, दोन्ही मागे झुकलेले असतात. एअरबस ३२० असो की बोइंग ७३७, हा झुकाव साधारण २५ अंशांचा. आज उडणाऱ्या बहुतेक सगळ्या जेट विमानांना तो आहे. त्याचा उगम १९३०च्या दशकातल्या जर्मन प्रयोगशाळांत आहे. तिथून तो अमेरिका, रशिया, स्वीडन, अर्जेंटिना असा फिरत फिरत १९५६ मध्ये बंगळुरूला पोचला आणि त्यातून ‘मरुत’ नावाचं भारतीय लढाऊ विमान तयार झालं. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात एक मरुत ठेवलेलं आहे. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे. पण तिथपर्यंत जायचं तर आधी पंख तिरका का करायचा, हे समजून घ्यावं लागेल.

ध्वनीचा वेग समुद्रसपाटीला ताशी सुमारे १२२५ किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत तो १०६०च्या आसपास येतो. विमानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट, तो आकडा म्हणजे मॅक. मॅक १ म्हणजे बरोबर ध्वनीइतका वेग. आता गोम अशी, की पंखाच्या वरच्या फुगीर पृष्ठावरून जाताना हवेचा वेग वाढतो. त्यामुळे विमान मॅक ०.८ ने जात असलं तरी पंखाच्या काही भागावर हवा मॅक १ ओलांडून गेलेली असते. पुढे ती पुन्हा संथ होते, पण हळूहळू नाही. एका पातळ पट्ट्यात, एकदम. ही शॉक वेव्ह. तिच्यामागे हवा पंखाला धरून राहत नाही, सुटते. रोध झपाट्याने वाढतो, विमान थरथरतं, सुकाणू भलतंच जड होतं. दुसऱ्या महायुद्धात सूर मारणाऱ्या पंख्याच्या विमानांनाही हा अनुभव आला, आणि त्यात कित्येक वैमानिक गेले.

यावर एक उपाय पंख पातळ करण्याचा. पण पातळ पंखाला मजबुती देणं अवघड, आणि इंधन ठेवायलाही त्यात जागा कमी. दुसरा उपाय कोनाचा. समजा, एक खूप लांब पंख तुम्ही त्याच्याच लांबीच्या दिशेने हवेतून सरकवला. घर्षण सोडलं तर हवेवर त्याचा काहीच परिणाम होणार नाही, कारण तिला कुठल्या फुगवट्यावरून जावंच लागत नाही. म्हणजे पंखावर येणाऱ्या वाऱ्याचे मनातल्या मनात दोन भाग करता येतात: एक पंखाच्या कडेला काटकोनात येणारा, दुसरा पंखाच्या लांबीबरोबर वाहून जाणारा. दाब, उचल आणि शॉक वेव्ह हा सगळा कारभार पहिल्या भागावर चालतो. पंख ३५ अंश मागे झुकवला, की हा पहिला भाग एकूण वेगाच्या ८२ टक्के उरतो. विमान मॅक ०.९ ने गेलं तरी पंखाच्या दृष्टीने ते ०.७४ ने जात असतं. इंजिनाची ताकद तीच, पंखाची जाडी तीच, आणि अडचण मात्र बरीच पुढे ढकललेली.

आडोल्फ बुसेमान या जर्मन शास्त्रज्ञाने ही मांडणी १९३५ मध्ये रोमला, व्होल्टा परिषदेत केली. परिषदेचा विषयच ‘वेगवान उड्डाण’ होता, आणि जगभरातले वायुगतिकीचे मोठे लोक तिथे होते. जेवणाच्या टेबलावर इटलीच्या क्रोको यांनी मेन्यूकार्डाच्या पाठीवर मागे झुकलेले पंख, झुकलेली शेपटी आणि झुकलेला पंखा असलेलं ‘बुसेमानचं विमान’ चितारलं अशी हकिकत आहे. मंडळी हसली आणि आपापल्या देशी परतली. त्या काळातली लढाऊ विमानं ताशी पाचशे किलोमीटरच्या आतच घुटमळत होती. ध्वनीच्या जवळची अडचण सोडवायची कोणाला घाई नव्हती. घाई फक्त जर्मनीला वाटली. तिथे हे काम गुप्त ठरवलं गेलं, आणि १९३९ मध्ये गॉटिंगनच्या वातबोगद्यात तिरक्या पंखांची मोजमापं सुरू झाली.

याच गॉटिंगनला वायुगतिकीचे प्राध्यापक लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली एका मराठी माणसाने डॉक्टरेट केली होती. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. १९३६ मध्ये ते प्रांट्ल यांचे पीएचडी झाले. परतल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवलं आणि पुढे हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये विमानं आखली. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेलं एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१च्या ऑगस्टमध्ये उडालं. भारतात आखलेलं ते पहिलं विमान. मरुतच्या कथेत नेहमी जर्मन नावं पुढे येतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो: जर्मन तज्ज्ञ बंगळुरूला पोचले तेव्हा गॉटिंगनचं शिक्षण तिथे वीस वर्षं आधी पोचलेलं होतं.

तिरक्या पंखाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. युद्धात प्रत्यक्ष लढलेलं मेसरश्मिट २६२ हे जर्मन जेट तिरक्या पंखाचं पहिलं विमान म्हणून दाखवलं जातं. त्याचे पंख खरंच १८ अंशांच्या आसपास झुकलेले होते, पण कारण वेगळं होतं. त्याची इंजिनं ठरल्यापेक्षा जड निघाली आणि विमानाचा तोल सरकला. तो सावरायला पंख मागे घेतले. इतक्या कमी कोनाने वेगाचा फायदा जवळपास होत नाही. बुसेमानची कल्पना वापरणारी लढाऊ विमानं युद्ध संपेपर्यंत ड्रॉइंग बोर्डावर किंवा अर्धवट सांगाड्यातच होती. फोके-वुल्फ कंपनीत कुर्ट टँक यांच्या हाताखाली हान्स मुल्टहोप यांनी आखलेलं टीए १८३ त्यातलंच: नाकात हवेचं तोंड, आखूड धड, ४० अंश झुकलेले पंख, उंच शेपटीवर आडवं पातं. १९४५ मध्ये ब्रिटिश सैन्य कारखान्यात पोचलं तेव्हा एकही नमुना उभा राहिलेला नव्हता. मेसरश्मिटचं पी ११०१ जवळजवळ पूर्ण होतं; जमिनीवर असताना त्याच्या पंखांचा कोन बदलता येई. अमेरिकनांनी ते उचलून नेलं, आणि त्यावर अभ्यास करून बेल कंपनीने एक्स-५ बनवलं. १९५१ मध्ये उडालेल्या या विमानाचे पंख उडतानाच मागेपुढे होत.

खरी मौज कागदांच्या प्रवासात आहे. मे १९४५ मध्ये अमेरिकी तज्ज्ञांचा एक चमू ब्राउनश्वाइगजवळच्या फोल्केनरोडे संशोधन केंद्रात शिरला. त्यात बोइंगचे जॉर्ज शायरर होते. तिथली वातबोगद्याची मोजमापं पाहून त्यांनी १० मे १९४५ला सिएटलमधल्या सहकाऱ्याला पत्र लिहिलं: सरळ पंखाचं काम थांबवा, पंख मागे घ्या, असा त्याचा आशय. बोइंगचं बी-४७ बॉम्बफेकी विमान ३५ अंशांचे पंख घेऊन १९४७ मध्ये उडालं, आणि त्याच घराण्यातून पुढे प्रवासी ७०७ आलं. घणसोलीवरून जाणाऱ्या ७३७ची वंशावळ इथे जुळते. नॉर्थ अमेरिकन कंपनीचं सेबर हे लढाऊ विमान सुरुवातीला सरळ पंखाचंच आखलेलं होतं. जर्मन कागद हाती आल्यावर पंख बदलला आणि ऑक्टोबर १९४७ मध्ये ते ३५ अंशांनिशी उडालं. स्वीडनच्या साबने हेच कागद स्वित्झर्लंडमार्गे मिळवले आणि १९४८ मध्ये ‘टुनान’ उडवलं. म्हणजे तीनेक वर्षांत कल्पना जगभर गेली. अमेरिकेत रॉबर्ट जोन्स यांनी १९४५च्या सुरुवातीला हाच निष्कर्ष स्वतंत्रपणे काढला होता, पण त्यांचे वरिष्ठ ते मानायला तयार नव्हते. जर्मन मोजमापं आली आणि वाद मिटला.

रशियाचं मिग-१५ डिसेंबर १९४७ मध्ये उडालं. ते टीए १८३ची नक्कल आहे, असं अजूनही ठासून लिहिलं जातं. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली तर साम्य दिसतं हे खरं. पण टीए १८३चा पंख ४० अंशांचा आणि मिगचा ३५ अंशांचा. इंजिन पूर्ण वेगळ्या जातीचं. आणि तिरक्या पंखावर रशियन संस्थांचं स्वतःचंही काम चालू होतं. एकच इंजिन, नाकात हवेचं तोंड, तिरका पंख आणि उंच शेपटी एवढ्या अटी घातल्या, की कोणत्याही देशातला आराखडाकार साधारण याच आकारापाशी येतो. माझ्या मते नकलेपेक्षा सारख्या अडचणीचं हे सारखं उत्तर आहे.

तिरका पंख फुकट मिळत नाही. त्याच्या लांबीबरोबर वाहणारा वाऱ्याचा भाग पृष्ठावरची मंद हवा टोकाकडे ढकलत नेतो. हळू उडताना, उतरताना, टोकं आधी उचल गमावतात. टोकं तर मागच्या बाजूला असतात. मागची उचल गेली की नाक वर उठतं, नाक उठलं की उचल आणखी जाते. वैमानिकाला काही कळायच्या आत विमान पडायला लागतं. मिगने पंखावर उभ्या पट्ट्या बसवून हवेचं आडवं वाहणं अडवलं. सेबरने पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या लावल्या. दोन्ही युक्त्यांवर जर्मनीत आधी काम झालेलं होतं. म्हणजे प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच फायलीत आले.

कुर्ट टँक युद्धानंतर अर्जेंटिनाला गेले. कोर्दोबा शहरात पेरॉन सरकारसाठी त्यांनी पुल्की-२ बनवलं. टीए १८३चाच तो विस्तार मानला जातो. पण त्यात एक अडचण होती, आणि ती पुढच्या कथेची चुणूक आहे. मूळ आराखडा हाइन्केलच्या बारीक जर्मन इंजिनासाठी होता, आणि ते इंजिन उत्पादनात कधी आलंच नाही. बाजारात मिळत होतं ते ब्रिटिश रोल्स-रॉइस नेने. ते चांगलं, पण घेराने जाड. त्यामुळे धड रुंद करावं लागलं, पंख वर न्यावा लागला, तोल नव्याने मांडावा लागला. पुल्की-२ जून १९५० मध्ये उडालं. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ब्वेनोस आइरेसला पेरॉनपुढे टँक यांनी स्वतः ते उडवून दाखवलं. नंतर अपघातांत दोन वैमानिक गेले, पैसा आटला, १९५५ मध्ये पेरॉनचं सरकार पडलं. १९५६ मध्ये टँक काही सहकाऱ्यांसह बंगळुरूला आले.

ज्या कंपनीत ते आले तिचं मूळ सोलापूरच्या माणसाकडे जातं. वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्ट सुरू केली. १९५६ मध्ये तिच्याकडे स्वतः आखलेलं, उडत असलेलं विमान एकच होतं: घाटग्यांचं एचटी-२, पंख्याचं, दोन माणसांचं. आणि हवाई दलाची मागणी होती मॅक २ ने जाणाऱ्या लढाऊ विमानाची. ही उडी किती मोठी होती याची कल्पना आज येणं कठीण आहे. वातबोगदे, चाचण्यांची यंत्रणा, पुर्जे पुरवणारे कारखाने, काही म्हणजे काही नव्हतं. तरी काम सुरू झालं. आधी पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बनवलं, डाकोटा विमानाने ओढून वर नेलं आणि सोडलं. हळू वेगात तिरका पंख कसा वागतो ते १९५९ मध्ये असं तपासून घेतलं. १७ जून १९६१ला विंग कमांडर सुरंजन दास यांनी मरुतचं पहिलं उड्डाण केलं. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि पश्चिम युरोपातले काही देश सोडले तर स्वतःचं तिरक्या पंखाचं लढाऊ जेट त्या वेळी फार थोड्यांकडे होतं.

वरळीला मरुत बघायला जाल तेव्हा तीन गोष्टी शोधा. पंख खाली बसवलेले आणि चांगलेच मागे ओढलेले, हे बुसेमानचं. धड मधे थोडं आवळलेलं. ध्वनीच्या वेगाजवळ पंख आणि धड मिळून हवेला एकूण किती जागा अडवतात ते एकसारखं ठेवायचं, म्हणून पंख जिथे सुरू होतो तिथे धड बारीक करायचं. हाही विचार युद्धकाळात जर्मनीत युंकर्स कंपनीत झाला होता आणि अमेरिकेत रिचर्ड व्हिटकॉम्ब यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तो पक्का केला. तिसरी गोष्ट दोन्ही बाजूंच्या हवेच्या तोंडांत: प्रत्येकात एक अर्धा शंकू बसवलेला आहे. मॅक १च्या बऱ्याच पुढे गेलं तर आत येणारी हवा इंजिनाला झेपेल इतकी संथ करायची, एवढंच त्याचं काम. मरुतला ते काम कधी पडलंच नाही. सपाट उड्डाणात हे विमान जेमतेम ध्वनीच्या वेगापाशी पोचत असे.

कारण इंजिन. इथे थोडं थांबायला हवं.

जेट इंजिनाची रचना सांगायला सोपी आहे. पुढे हवा दाबणारे चाक, मधे इंधन जळतं ती पेटी, मागे गरम वायूवर फिरणारे टर्बाइनचे चाक. टर्बाइन पुढच्या चाकाला फिरवतं आणि उरलेला जोर मागे फेकला जातो. अवघड जागा एकच: टर्बाइनची पाती. ती तांबडीलाल तापलेली असतात आणि त्याच वेळी प्रचंड वेगाने फिरतात. मेसरश्मिट २६२च्या युमो ००४ इंजिनात मिनिटाला ८७०० फेरे. प्रत्येक पात्यावर बाहेरच्या दिशेने ओढ इतकी, की तापलेला धातू तासातासाने लांबत जातो. पातं आणि बाहेरचं कवच यांत अंतर अगदी थोडं. लांबलेलं पातं घासलं की इंजिन संपलं. जर्मनीला युद्धाच्या शेवटी निकेल, क्रोमियम पुरेसं मिळत नव्हतं, म्हणून पोकळ पाती, साध्या पोलादावर अॅल्युमिनियमचा लेप अशा तडजोडी कराव्या लागल्या. परिणाम असा, की ही इंजिनं दहा ते पंचवीस तासांत बाद होत. त्याच काळात ब्रिटनकडे निमोनिक हा निकेलचा मिश्रधातू होता आणि त्यांची इंजिनं कितीतरी जास्त टिकत. जर्मन आराखडे इतके पुढारलेले असून जर्मन इंजिन मागे का राहिलं, याचं उत्तर आराखड्यात नाही, भट्टीत आहे.

रबाळे एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या कोणालाही हे वेगळं सांगावं लागणार नाही. ड्रॉइंग हातात आलं म्हणजे पार्ट आला असं होत नाही. ड्रॉइंगवर माप असतं, टॉलरन्स असतो, धातूचं नाव असतं. पण तो धातू खरोखर तोच आहे का, मटेरियलचं टेस्ट सर्टिफिकेट विश्वासाचं आहे का, हीट ट्रीटमेंट किती तापमानाला किती वेळ, ग्राइंडिंग करताना पीस जळला का, हे कागद सांगत नाही. ते सांगतो पंचवीस वर्षं मशीनवर उभा असलेला माणूस, आणि कितीतरी रिजेक्ट झालेले पीस. पंखाचं तसं नाही. पंखाचं गुपित म्हणजे मुळात एक कोन आणि हवेचं गणित. ते एका पत्रात मावलं. इंजिनाचं गुपित पत्रात मावत नाही.

रशियाचं उदाहरण घ्या. १९४६ मध्ये ब्रिटनच्या अॅटली सरकारने रशियाला नेने इंजिनं विकायची परवानगी दिली. मिग-१५ त्याच इंजिनाच्या प्रतिकृतीवर उडालं. तरी प्रत करताना धातूवर अडखळणं आलंच. रोल्स-रॉइसच्या कारखान्यात पाहुणे म्हणून फिरताना एका रशियन अभियंत्याने मऊ तळाचे बूट घातले आणि लेथखाली पडलेल्या चिप्स त्यात चिकटवून नेल्या, असा किस्सा नेहमी सांगतात. खरा असो नसो, तो का रंगवून सांगितला जातो ते लेथवर काम केलेल्याला लगेच कळेल. फ्रान्सने वेगळा रस्ता धरला. बीएमडब्ल्यूचे इंजिनतज्ज्ञ हेर्मान ओस्ट्रिश यांच्यासह शंभराहून अधिक जर्मन तंत्रज्ञांना त्यांनी आधी कॉन्स्टन्स सरोवराजवळच्या रिकेनबाखला आणि मग फ्रान्समध्ये कामाला बसवलं. त्यातून आतार हे इंजिन आलं. ते १९४८ मध्ये पहिल्यांदा चाललं, पण नीट वयात यायला आणखी काही वर्षं गेली. १९५८ मध्ये आतार लावलेलं मिराज-३ मॅक २ ओलांडून गेलं, पश्चिम युरोपात हे पहिल्यांदाच घडलं. म्हणजे इंजिनही स्थलांतर करतं. पण माणसांच्या पोटातून, आणि दहाएक वर्षांत.

टँक यांच्याबरोबर बंगळुरूला आले ते विमानाचे धड आणि पंख आखणारे. इंजिन बाहेरून येणार, हे गृहीतच होतं. ब्रिस्टल कंपनीचं ऑर्फियस तेव्हा हाताशी होतं. नॅट या लढाऊ विमानासाठी हिंदुस्तान एअरक्राफ्ट ते परवान्याखाली बंगळुरूतच बनवत होती. मरुतसाठी त्याचीच वाढीव आवृत्ती यायची होती, मागच्या नळीत पुन्हा इंधन जाळणारी, साधारण ३७०० किलोचा जोर देणारी. ती ब्रिटनमध्ये बनणार होती. मग ब्रिटनचा त्यातला रस संपला. हवं असेल तर विकासाचा खर्च भारताने करावा, असा निरोप आला. दिल्लीने नाही म्हटलं. नंतरच्या अनेक वर्षांच्या हळहळीचं मूळ या नकारात आहे. तेव्हा वाचवलेली रक्कम पुढच्या तीस वर्षांत कितीतरी पटींनी बाहेर गेली, असं मला वाटतं. मरुतला शेवटी साधं ऑर्फियस ७०३ बसवलं, एकेकाचा जोर सुमारे २२०० किलो. दोन इंजिनं, पण दोन्ही मिळून मूळ अपेक्षेच्या साधारण साठ टक्के.

मग शोध सुरू झाला. रशियन इंजिन तपासलं, जमलं नाही. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने ऑर्फियसलाच मागून ज्वलन जोडायचा प्रयत्न केला. हे काम ऐकायला सोपं वाटतं. पण मागच्या नळीत आग लावली, की तिथला दाब वाढतो आणि पुढच्या सगळ्या चाकांचा ताल बिघडतो. त्यासाठी नळीचं तोंड उघडं-बंद होणारं हवं, आणि ते क्षणात व्हायला हवं. त्यात धडाच्या शेपटीकडचा भागही फुगतो आणि रोध वाढतो. १० जानेवारी १९७०ला अशा ज्वलनाच्या मरुतचं उड्डाण करताना ग्रुप कॅप्टन सुरंजन दास अपघातात गेले. पहिलं उड्डाण ज्यांनी केलं तेच. बंगळुरूत त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

याच काळात इजिप्तमध्ये एक विलक्षण गोष्ट चालू होती. विली मेसरश्मिट यांनी आखलेलं एचए-३०० हे छोटं लढाऊ विमान हेल्वानला बनत होतं, आणि त्याच्यासाठी इंजिन बनवत होते ऑस्ट्रियन फेर्डिनांड ब्रांडनर. ब्रांडनर युद्धानंतर अनेक वर्षं रशियात इंजिनांवर काम करून आलेले. म्हणजे मरुतला ज्या माणसांची गरज होती ती नेमकी तिथे होती. भारत आणि इजिप्तने हात मिळवले. एचए-३००चं पहिलं उड्डाण ७ मार्च १९६४ला भारतीय वैमानिक कपिल भार्गव यांनी केलं, तेही ऑर्फियस लावून, कारण ब्रांडनरांचं इंजिन अजून तयार नव्हतं. ते तयार झाल्यावर तपासायला भारताने एक मरुत इजिप्तला दिलं आणि त्यात ते इंजिन बसवून उडवून पाहिलं. १९६९ मध्ये इजिप्तने सगळा प्रकल्पच गुंडाळला. मरुतची ही संधी त्याबरोबर गेली.

तरी मरुत निकामी होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकूण १४७ विमानं बनली. खाली, वेगात, स्थिर उडण्यासाठी ते उत्तम होतं, दोन इंजिनांमुळे एक गेलं तरी घरी येत असे. १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्यांनी जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ले केले. ७ डिसेंबर १९७१ला स्क्वाड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मरुतमधून पाकिस्तानचं एक सेबर पाडलं, अशी भारतीय बाजूची नोंद आहे. दोन्ही विमानांचा तिरका पंख एकाच जर्मन कागदांतून आलेला. १९९०च्या सुमारास मरुत सेवेतून गेलं.

महाराष्ट्राच्या वाट्याला या कथेचा पुढचा भाग आला. मरुत अडल्यावर भारताने १९६२ मध्ये रशियाशी मिग-२१चा करार केला आणि नाशिकजवळ ओझरला कारखाना उभा राहिला. विमानं ओझरला, इंजिनं ओडिशातल्या कोरापुटला. परवान्याखाली शेकडो विमानं बनली, हजारो तंत्रज्ञ तयार झाले. पण परवान्याखाली बनवणं आणि स्वतः आखणं यांत जे अंतर आहे ते तसंच राहिलं. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं आणि पुढच्याच महिन्यात ओझरला तेजसच्या तिसऱ्या उत्पादन रांगेचं उद्घाटन झालं. तेजसचा शेपटीविना त्रिकोणी पंख बघितला, की अलेक्झांडर लिपिश आठवतात. त्रिकोणी पंखावरचं त्यांचं युद्धकाळातलं काम अमेरिकेला गेलं आणि तिथे त्यातून नवं घराणं सुरू झालं. तेजसचा पंख, धड, संगणक आपण आखले. इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची मागणी नोंदवली; त्यातलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात धडं तयार होऊन उभी होती. आपल्या कावेरी इंजिनाचं काम १९८९ पासून चालू आहे. त्याचं आणि तेजसचं नातं २००८च्या सुमारास तुटलं.

पुढच्या पिढीच्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इंजिन विकसित करणार, असं २०२५ मध्ये संरक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं. साफ्रान म्हणजे जुन्या स्नेक्माची वारस. ओस्ट्रिश यांच्या चमूने रिकेनबाखला सुरू केलेलं आतार ज्या कंपनीने बनवलं, तीच ही. त्यामुळे या कराराचे तपशील बाहेर येतील तेव्हा ड्रॉइंगं किती मिळणार हे मी नंतर वाचेन. आधी ते कलम शोधेन, ज्यात लिहिलेलं असेल की त्यांची किती माणसं किती वर्षं बंगळुरूत बसून काम करणार, आणि आपली किती तिकडे.